बोटीवरचं जुनं सिलिकॉन: पाण्याचे थेंब होतायत तोवर पॉलिश पेपरला हात लावू नका

रंगवण्याआधी जुन्या सिलिकॉनचा, म्हणजे फटी बुजवायच्या रबरी लेपाचा, जाड थर काढायला काही अक्कल लागत नाही. ब्लेडने कड उचला, ओढा, उरलेलं प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडा. लोखंडी पट्टी नको, जेलकोटवर (फायबरच्या बोटीचा वरचा गुळगुळीत थर) चरे पडतात.

खरी डोकेदुखी पुढे आहे, जागा स्वच्छ दिसायला लागली की. "आता पेपर मारून घ्या" असं जो तो सांगतो, आणि तेच ऐकून मी एक हॅच (डेकवरचा झाकणाचा दरवाजा) तीनदा रंगवलाय. पेपर मारला, रंग मारला आणि बघता बघता रंग ठिकठिकाणी बाजूला सरकून माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले, मला वाटलं डबाच खराब, परत घासलं तर परत तेच. सिलिकॉनचा तेलकट थर डोळ्याला दिसत नाही आणि पेपर तो काढत नाही, उलट चऱ्यांमध्ये भरतो नि शेजारच्या चांगल्या भागावरही पसरवतो.

अ‍ॅसिटोनच्या भरवशावर पण राहू नका, पक्कं झालेलं सिलिकॉन त्यात विरघळत नाही. सिलिकॉन रिमूव्हरची जेल आणा, आधी कोपऱ्यात लावून बघा, मग जाडसर थापा. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ म्हणजे तेवढा वेळ, दहा मिनिटांत खरवडायला बसू नका. हातमोजे, चष्मा हवाच, आणि अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या झाका, सॉल्व्हंटने त्यांना बारीक तडे जातात. बहुतेक वेळा दोनदा लावावं लागतं.

नंतर सॉल्व्हंटने पुसायचं, पण दोन फडक्यांनी: एक ओलं, आणि ते उडून जायच्या आत मागोमाग कोरडं. एकाच दिशेने, दर वेळी फडक्याची नवी बाजू. एकच मळकं फडकं गोल गोल फिरवणारे सिलिकॉन काढत नाहीत, सारवतात!

आता पाणी शिंपडा. सलग पातळ थर टिकला तर जमलं. थेंब झाले तर परत जेल. जुन्या मेणाने पण थेंब होतात हे खरं, पण रंगाखाली मेण तरी कुठे चालतं.

मग पेपर, धूळ पुसणं, प्रायमर, नेहमीसारखं. फक्त आधीचे हातमोजे आणि फडकी टाकून द्या, मी एकदा तेच मोजे घालून प्रायमरआधी हात फिरवला आणि बोटांचे ठसे रंगात उमटले.