ग्राफ्टमध्ये इन्फेक्शनचा संशय? स्कॅनला जाण्याआधी हे बघा

घरात कुणाला महाधमनीत नाहीतर मांडीत ग्राफ्ट, म्हणजे डॅक्रॉन किंवा पीटीएफईची कृत्रिम रक्तवाहिनी बसवलीय आणि आता बारीक ताप जात नाही, जांघेत सूज आहे, जखमेतून पाणी येतंय, तर हे वाचा. निदान डॉक्टरच करणार, पण स्कॅन वाया जाऊ नये म्हणून आपल्या हातात बरंच असतं.

पहिलं काम ऑपरेशनची तारीख शोधा. आपल्या निपाणी, खानापूरकडं ऑपरेशन कोल्हापूर नाहीतर मिरजेला आणि तपासण्या बेळगावात असं चालतं, डिस्चार्ज कार्ड एकीकडं, स्कॅनची सीडी दुसरीकडं. आणि तारीख नसेल तर रेडिओलॉजिस्ट काय सांगणार? ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे ग्राफ्टभोवती थोडी हवा, थोडं पाणी दिसतंच, पण तेच पाणी 3 महिन्यांनंतरही असेल किंवा हवा 7-8 आठवड्यांनंतर दिसली तर संशय बळावतो. जुनी सीडी नेलीच पाहिजे, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

जांघेतल्या ग्राफ्टला आधी सोनोग्राफी करतात, पू साचलाय का ते कळतं. मुख्य तपासणी मात्र सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या नीट दिसण्यासाठीचं औषध) सोडून काढलेला सीटी स्कॅन. हवा, पाणी, शिवणीजवळ फुगवटा, शेजारच्या आतड्याची जाड झालेली भिंत हे सगळं त्यात दिसतं. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, कॉन्ट्रास्टमुळं किडनीवर ताण येऊ शकतो. इन्फेक्शन सौम्य असेल तर सीटी साफही येतं, म्हणून "सीटी नॉर्मल आहे की" म्हणून गप्प बसू नका.

मग पेट-सीटी, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन, जिथं सूज नाहीतर इन्फेक्शन असेल ती जागा त्यात उजळ दिसते. मशीन कुठं आहे ते आधी फोन करून विचारा. 4-6 तास उपाशी, फक्त पाणी, सकाळी निघताना साखरेचा चहा नाही आणि पाहुण्यांनी आणलेला कुंदा तर अजिबात नाही. शुगर बहुतेक ठिकाणी 200 च्या खाली मागतात. डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीमुळं आतडं उजळ दिसतं, ती गोळी बंद करायची का ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. यातली मेख अशी की कृत्रिम कापडाभोवती शरीराची थोडी सूज कायमच असते, म्हणून चांगला ग्राफ्टसुद्धा एकसारखा फिकट उजळतो. एकाच ठिकाणी भडक डाग असेल तर काळजीचं. ऑपरेशनला 4 महिने व्हायच्या आत पेट काढला तर फसवा निघू शकतो. तरीही गोंधळ राहिला तर रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना खूण लावून स्कॅन करतात, फोटो काही तासांनी आणि परत दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुक्कामाची तयारी ठेवा.

नुसत्या फोटोवर निकाल लावत नाहीत. 2016 मध्ये मॅजिक नावाचे निकष आले, त्यात लक्षणं, स्कॅन आणि लॅब तिन्ही बघतात. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी, शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यायला सांगा, मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणून खाल्ल्या की जंतू सापडत नाहीत.

पोटात ग्राफ्ट असलेल्याला रक्ताची उलटी झाली नाहीतर शी काळी झाली तर पेटची अपॉइंटमेंट वगैरे सोडा, ग्राफ्ट आतड्याला चिकटून फुटलेला असू शकतो, तडक व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या आणि ग्राफ्ट आहे हे दारातच सांगा.