पुण्यात बीबीए मार्केटिंगला येताय? सुट्टीतच उरकायची तयारी

मार्केटिंग घेतलं की गणितापासून सुटका, अशा समजुतीने बीबीएला येणारी पोरं दर वर्षी दिसतात. पहिल्याच वर्षी अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्स पुढ्यात आले की चेहरे पडतात. जाहिराती छान सुचणं हा या विषयाचा एक कोपरा आहे. बाकी सगळा किंमत, मार्जिन, माल आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब. बारावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांत काय काय उरकून ठेवायचं ते सांगते.

सुरुवात कागदांपासून, कारण अभ्यास रात्र जागून होतो, दाखला होत नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, डोमिसाइल, आधार हे तर झालंच. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते महिनोन्‌महिने रखडू शकतं. बारावी सुरू असतानाच अर्ज गेलेला बरा. ओबीसी, एसईबीसीवाल्यांनी नॉन-क्रीमीलेअरची तारीख बघायची. त्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे जुनं फाइलला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि सगळ्या कागदांवरची नावं एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकीकडे वडिलांच्या नावापुढे ‘राव’, दुसरीकडे नाही. ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन. हे फॉर्म भरताना कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं चांगलं.

प्रवेशाचे नियम 2024 साली बदलले. बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. इंग्रजी, रीझनिंग, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची तोंडओळख असा तिचा मामला आहे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सिम्बायोसिससारख्या अभिमत विद्यापीठाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, फीही वेगळी. काही कॉलेजांनी सीईटी नको म्हणून कोर्सचं नावच बदललं. नाव काहीही असू दे, तीन वर्षांत मार्केटिंगचे पेपर किती आणि कोणत्या सेमिस्टरला, हे अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून स्वतः मोजा. कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर ते कधीच नसतं. चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, ते त्याच कॉलेजात होतं का, हेही विचारून ठेवा.

फीबद्दल एवढंच: मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर सरकारी फी-सवलत विसरायची. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. आपल्या कोर्सला आणि कॉलेजला ही माफी लागू आहे ना, हे पैसे भरण्याआधी ऑफिसात विचारा. पावती फाडल्यावर विचारणाऱ्यांशी खिडकीतले लोक वेगळ्याच आवाजात बोलतात.

आता खरा अभ्यास. शेकडेवारी इतकी घोटा की कॅल्क्युलेटर लागू नये. 80 रुपयांना घेतलेली वस्तू 100 ला विकली तर नफा किती टक्के? खरेदीवर मोजला तर 25, विक्रीवर मोजला तर 20. दुकानदार एका अर्थाने बोलतो आणि कंपनीचा सेल्समन दुसऱ्या, आणि वर्गातली निम्मी मुलं इथेच गडबडतात. आणखी एक उदाहरण घरच्या चहाच्या वेळचं. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. 10 रुपयांच्या पुड्यात कराशिवाय किंमत 8 रुपये 47 पैसे होती; त्यावर 5 टक्के लावले की होतात 8 रुपये 90 पैसे. आता 8.90 ला पुडा विकणार कसा? सुट्टे कोण देणार? म्हणून किंमत 10 च ठेवायची आणि वजन वाढवायचं, हा रस्ता कंपन्यांना सोयीचा पडतो. वजन किती वाढवलं म्हणजे गिऱ्हाइकाला पूर्ण सवलत पोचली, हे कागदावर मांडून बघा. किंमत ठरवणं या धड्याचा गाभा या एका पुड्यात सापडतो. हीच आकडेमोड मग एक्सेलमध्ये करा. व्हीलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधणं) आणि पिव्हट टेबल (आकड्यांचा गोषवारा) एवढं आलं तरी पहिल्या प्रोजेक्टमध्ये गटातले सगळे तुमच्यामागे फिरतील. त्याचा त्रास होतो, पण तो नंतरचा विषय.

दुसरी तयारी घराजवळच्या वाण्याकडे. संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी उशिरा जा, तेव्हा सेल्समन येतात. काउंटरच्या कडेला उभं राहून बघा: शाम्पूच्या पुड्यांच्या माळा कोणत्या कंपनीच्या अगदी समोर लोंबतात, कोणत्या मागे. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, की नुसतं ‘शाम्पू द्या दोन’ म्हणतं? नाव घेतलं नाही तर काका कोणता उचलून देतात? बहुतेक वेळा ज्यावर त्यांना जास्त सुटतं तो. ‘काका, एक्सपायरी झालेला माल कंपनी परत घेते का हो?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि मग दहा मिनिटं नुसतं ऐका. स्कीम, उधारी, डिस्ट्रिब्युटरची गाडी न येणं, सगळं बाहेर पडतं. वितरणावरच्या प्रकरणात हेच पुढे इंग्रजीत भेटतं. दुकानातून निघताना चिवड्याचं एक पाकीट घ्या आणि मागची बाजू वाचा: एमआरपी, निव्वळ वजन, ग्रॅममागे पडणारी किंमत, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेचा 14 अंकी परवाना क्रमांक. यातलं काय कायद्याने छापावं लागतं आणि काय कंपनीने आपल्या हौसेने छापलंय, ते वेगळं काढा.

भाषेचं काय, हा प्रश्न मराठी माध्यमवाल्यांच्या पोटात गोळा आणतो. पेपर आणि प्रेझेंटेशन इंग्रजीत, त्याला इलाज नाही. रोज इंग्रजी पेपरच्या अर्थविषयक पानावरची एक बातमी मोठ्याने वाचा आणि तीच घरच्यांना मराठीत समजावून सांगा. आजीला कळली तर तुम्हाला कळली. मराठी मात्र सोडू नका. मंचर, बारामती, सांगलीत माल खपवायचा तर गिऱ्हाइकाशी बोलायला कुणीतरी लागतंच, आणि अशा नोकरीच्या मुलाखतीत तुमचं पारडं जड असतं.

पुस्तकं नवी घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती मिळतात, आणि सिनियर लोक वर्ष संपलं की देऊनच टाकतात. ‘चार पी’ (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) हे मार्केटिंगच्या पाठ्यपुस्तकवाल्या फिलिप कोटलर यांचे, असं परीक्षेत लिहू नका. ते जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये मांडले, कोटलर यांनी ते जगभर पोचवले. डिजिटल मार्केटिंगच्या महागड्या क्लासला तर आत्ता अजिबात पैसे घालू नका. गूगलच्या स्किलशॉपवर जाहिराती आणि अ‍ॅनालिटिक्सचे कोर्स फुकट आहेत. ते करा, कंटाळा आला नाही तर पुढचं बघू.

राहण्याचं थोडक्यात. कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने) घेताना डिपॉझिट परत कधी मिळणार ते लेखी घ्या. मेस बहुधा रविवारी संध्याकाळी बंद असते. कॉलेज विमाननगरला आणि खोली कोथरूडला असा उद्योग नको. वनाझ–रामवाडी मेट्रो झाली असली तरी दोन्ही टोकांना रिक्षा लागते. इस्त्रीचा एक पांढरा शर्ट किंवा साधा कुर्ता, फॉर्मल बूट, बस. ब्लेझर शिवायची घाई नको, लागला तर एका दिवसासाठी भाड्याने मिळतो.

आणि पहिल्या सेमिस्टरमध्येच गणपती येतात. मित्रांबरोबर देखावे बघाच, पण लक्ष्मी रस्त्यावरून जाताना वर बघा. मंडळांच्या जाहिरातींच्या कमानींवर सराफ किती, बिल्डर किती, क्लासवाले किती, मोबाइल कंपन्या किती, हे वहीत लिहा. अलका चौकापाशी तोच ब्रँड पुन्हा दिसतो का तेही. कमानीचा दर काय, असं मंडळाच्या कार्यकर्त्याला थेट विचारलं तर तो हसून टाळेल. आधी वर्गणीची पावती फाडा, मग विचारा.