मंद उजेडात संगणकावर काम करताना डोळे थकतात? या चुका टाळा

घरातली माणसे झोपली की दिवा मालवायचा आणि पडद्याच्या उजेडात काम पुढे न्यायचे, ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. एकाच खोलीत सगळे कुटुंब झोपत असेल, किंवा पुण्यात बसून अमेरिकेच्या वेळेनुसार काम करावे लागत असेल, तर दुसरा मार्गही सुचत नाही. तासाभरात डोळे चुरचुरू लागतात, कपाळ ठणकते आणि दोष मंद उजेडाला दिला जातो. अंधुक उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो असलो तरी तसे होत नाही. थकवा मात्र खरा असतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे पडद्याचा उजेड आणि भोवतालचा काळोख यांतली तफावत.

म्हणूनच काळोख्या खोलीत पडदा हाच एकमेव दिवा ठेवणे, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. नजर झगझगीत पडद्यावरून अंधारातल्या वहीकडे आणि पुन्हा पडद्याकडे गेली की डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. माझी मुलगी मी काम करतो त्याच खोलीत झोपते. मी पाच वॅटचा एक एलईडी दिवा मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. त्याचा उजेड भिंतीवरून परतून येतो, थेट डोळ्यांत शिरत नाही, आणि पलंगापर्यंत पोचतो तो इतका सौम्य असतो की तिची झोप मोडत नाही. हाच दिवा आपल्या पाठीमागे ठेवला तर त्याचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. ते तपासायचे असेल तर पडदा बंद करून नेहमीच्या जागी बसावे; काळ्या काचेत जो दिवा किंवा जी खिडकी दिसेल, तीच काम करतानाही डोळ्यांना त्रास देत असते.

दिवसा ठेवलेली प्रखरता रात्री तशीच राहू देणे, ही त्याला जोडूनच होणारी चूक. पडद्यावर पांढरे पान उघडावे आणि शेजारी कोरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा उजळ वाटला तर प्रखरता कमी करावी, कळकट राखाडी वाटला तर वाढवावी. काही जण मात्र ती अगदी तळाला नेतात आणि मग डोळे बारीक करून, पुढे वाकून वाचत बसतात. शिवाय काही पडदे प्रखरता कमी करण्यासाठी आपल्या आतला दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ही लुकलुक जाणवत नसली तरी काहींचे डोके त्यानेच दुखते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पडदा टिपल्यावर सरकते काळे पट्टे दिसले, तर प्रखरता मध्यम ठेवून खोलीतला उजेड थोडा वाढवणे बरे.

डार्क मोड लावला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नये. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठी दिला जाणारा नंबर) आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार इतके बारीक असतात की ते शेजारच्या रेषेत मिसळून जातात आणि डोळ्यांचे काम उलट वाढते. तसे होत असेल तर फिकट पार्श्वभूमी ठेवावी, प्रखरता उतरवावी आणि अक्षरांचा आकार वाढवावा.

अक्षरे पुसट होऊन पापणी मिटताच पुन्हा स्पष्ट होत असतील, तर ते बहुधा डोळे कोरडे पडल्याचे लक्षण असते. एरवी आपण मिनिटाला सुमारे 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर हेच प्रमाण 5 ते 7 वर येते. त्यात पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर असेल तर अश्रूंचा थर लवकर सुकतो. झोताची दिशा बदलावी, आणि लाली घालवणारे थेंब मनाने वापरू नयेत, कारण त्यांचा परिणाम ओसरल्यावर लाली अधिकच वाढू शकते. दर 20 मिनिटांनी 20 फूट दूर 20 सेकंद पाहावे, हा सल्ला चांगला आहे. पण दहा फुटांच्या खोलीत 20 फूट कुठून आणणार? खिडकीतून समोरच्या इमारतीचा एखादा दिवा पाहिला तरी चालते.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालण्यापूर्वी थांबावे. 2023 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या भिंगांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे दिसले नाही. चाळिशीनंतर चष्म्याच्या खालच्या, वाचनाच्या भागातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागत असेल, तर हातभर अंतरासाठी वेगळा नंबर काढून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

मात्र अंधारात बसलेले असताना एका डोळ्यात एकाएकी तीव्र वेदना उठली, डोळा लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली आणि मळमळ सुरू झाली, तर तो साधा थकवा समजू नये. काही व्यक्तींमध्ये बाहुली मोठी झाल्याने डोळ्यातील द्रवाचा निचरा अडतो आणि आतला दाब झपाट्याने वाढतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.