डायलिसिस चालू आहे? घरी होणाऱ्या या चुका टाळा

डायलिसिसला बसण्याआधी पेशंटचं वजन घेतात. काटा मागच्या वेळेपेक्षा तीन-साडेतीन किलो पुढे जातो आणि घरचे म्हणतात, "अहो, पाणी तर मोजूनच देतो!" देतही असतील. पण गडबड बहुतेक वेळा मिठात असते. लोणचं, पापड, फरसाण, सुकट खाल्लं की तहान लागणारच. साधारण 8 ग्रॅम मीठ शरीरात जवळपास 1 लिटर पाणी धरून ठेवतं. त्यात आमटी, ताक, चहा हे 'पाणी' म्हणून कोणी मोजतच नाही. एवढं सगळं 4 तासांत मशीनने ओढायचं म्हटल्यावर बीपी पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि 'मला डायलिसिस सोसत नाही' म्हणून पेशंट अर्धा तास आधीच मशीन काढायला लावतो. म्हणजे पाणीही राहिलं आणि युरिया-पोटॅशियमही. आपलं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, किती, हे पाठ हवं. सकाळची बीपीची गोळी डायलिसिसआधी घ्यायची की नंतर, हेही डॉक्टरांना विचारा.

मीठ कमी करायचं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. भेटायला येणारे हमखास आणतात ते शहाळंही नको. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तेही फारशी चाहूल न देता. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन दिवसांची सुट्टी येते तेव्हा धोका जास्त, म्हणून त्या सुट्टीनंतरचा सोमवारचा डायलिसिसचा वार लग्नकार्यासाठी बुडवणं तर फारच वाईट. पोटॅशियम कमी करायला बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओता. करमळ, म्हणजे कमरख (स्टार फ्रूट), एक फोडही नको: त्यातल्या विषाने न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके येतात.

डायलिसिसआधी प्रोटीन कमी करायला सांगितलेलं असतं. सुरू झाल्यावर ते वाढवायचं असतं, पण कित्येक घरांत जुनंच पथ्य चालू राहतं आणि माणूस खंगत जातो. आहारतज्ज्ञांकडून नवा तक्ता घ्या.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर बीपी नाही, सुई नाही, घट्ट बांगडी नाही. रोज बोटं ठेवून थरथर तपासा. ती थांबली तर पुढच्या वाराची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल आणि मशीनवर हुडहुडी भरून ताप आला, तर तापाची गोळी घेऊन घरी निघू नका, तिथेच टेक्निशियनला सांगा.