ज्येष्ठांसाठी स्टिरिओ लावायला निघण्यापूर्वी

खरेदीच्या आधी एवढंच विचारायचं: काय ऐकणार आणि कधी? ‘गाणी’ हे उत्तर चालवून घेऊ नका. सकाळी रेडिओ, दुपारी सीडी, रात्री टीव्हीवरच्या बातम्या, असं दिवसभराचं काढून घ्या आणि खरंच ऐकलं जातं तेवढंच जोडा. दोन गोष्टी, फार तर तीन. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून चौथी वायर लावलीत की सेटला चुकून तिथे जाऊन बसायला आणखी एक जागा तयार होते.

सीडींचा साठा असेल तर त्यातल्या चार-पाच सोबत घेऊनच प्लेअर बघायला जा, विशेषतः कुणीतरी कॉम्प्युटरवर कॉपी करून दिलेल्या. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा घरी कॉपी करणं हा प्रकारच नव्हता. आजही काही प्लेअर तसल्या तबकड्या वाचत नाहीत, आणि एमपीथ्री भरलेल्या सीडीपुढे तर बरेच हात टेकतात.

यंत्राला पुढच्या बाजूला आवाजाची गोल चकती हवी, बोटांना नीट धरता येईल एवढी. ॲम्प्लिफायर आतच असलेले स्पीकर सुटसुटीत, वायरी कमी, पण कित्येकांची चकती मागे असते किंवा नसतेच, सगळा कारभार रिमोटवर. तसले नकोत. वॉटच्या आकड्यांवर वेळ घालवू नका. एका खोलीत बसून ऐकणाऱ्याला कुठलाही बरा सेट पुरतो. त्यापेक्षा पॉवरचं बटण बघा. दाबल्यावर खट् करून आत बसतं आणि आतच राहतं, की नुसतं दबून परत वर येतं? पहिल्या प्रकारचं मिळालं तर घ्याच.

कारण मागच्या खेपेला आत्याकडे सगळं केलं आणि हे एवढंच विसरलो: वीज बंद होऊन परत आली की सेट काय करतो? आत्या झोपताना भिंतीवरचं बटण बंद करते. नुसत्या दबणाऱ्या बटणाचा तो सेट सकाळी वीज मिळाली तरी जागा व्हायचा नाही, बारीक लाल दिवा लावून स्टँडबायमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, बसून राहायचा. कसाबसा सुरू केला तर पहिल्या इनपुटवर (रेडिओ, सीडी, टीव्ही जोडायच्या जागांपैकी पहिल्या) जायचा, आणि तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. आपल्याच हातून बिघडलं असं वाटून तिने कुणाला काही न सांगता त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर फुलदाणी ठेवली. मी गेलो तेव्हा फुलं ताजी होती.

म्हणून भिंतीवरचं बटण बंद, मग चालू. दुकानातच करून बघा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. क्षणभर बंद करून भागत नाही. काही सेट थोडा वेळ लक्षात ठेवतात आणि मग विसरतात. पाच-दहा मिनिटं तरी बंद ठेवा. वीज आल्यावर सेट आपोआप किंवा एकाच बटणात, त्याच इनपुटवर, बेताच्याच आवाजात सुरू झाला पाहिजे. होत नसेल तर पुढचा सेट दाखवा म्हणावं.

याचंच भावंड म्हणजे ऑटो स्टँडबाय. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या वीजबचतीच्या नियमांमुळे बरेच नवे सेट काही वेळ आवाज आला नाही की स्वतःहून बंद होतात, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत. काहींना अगदी हळू लावलेला रेडिओही ‘आवाज नाही’ असाच वाटतो, म्हणजे ऐकता ऐकता सेट गप्प. मेनूमध्ये ऑटो स्टँडबाय, ऑटो पॉवर ऑफ किंवा इको अशा काहीतरी नावाने ते दडलेलं असतं. शोधून बंद करा. मग पुन्हा भिंतीवरचं बटण बंद, चालू, आणि मेनूतली निवड टिकली का ते पाहा.

सोबत न्यायचं: वायर सोलायचा चिमटा, टॉर्च, पांढरी चिकटपट्टी, जाड मार्कर, रिमोटचे सेल. स्पीकरची वायर मोजून घ्या आणि वर दोन मीटर जास्त, कारण ती भिंतीच्या कडेकडेने जाणार आहे. चालण्याच्या वाटेतून नाही, सतरंजीखालूनही नाही. त्या वयात पाय अडकून पडणं म्हणजे काय हे सांगायला नको. एका खोलीपुरती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरे.

टोक सेंटिमीटरभर सोला आणि तारा पिळून घट्ट करा. केसाएवढी एक तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे वायर बसवायच्या जागेला, टेकली तरी ॲम्प बंद पडतो, नशीब वाईट असेल तर जळतो. लालला लाल, काळ्याला काळी, दोन्ही टोकांना. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तरी आवाज येतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही. फक्त डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि गाणारा नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं. बातम्या लावून बघा. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध यायला हवा.

हे ऐकायचं ते त्यांच्या खुर्चीत बसून, उभ्याने नव्हे. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, कपाटाच्या डोक्यावर नकोत. वय वाढतं तसे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात; स, श, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात आणि ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार सुरू होते. अशा वेळी आपण उत्साहाने बास, म्हणजे खालचे जाड आवाज, वाढवतो, आणि त्या घुमण्यात उरलेली अक्षरंही बुडतात. बास थोडा कमी, ट्रेबल (वरचे बारीक आवाज) थोडा जास्त. एक कान कमी असेल तर बॅलन्सची चकती त्या बाजूला थोडी वळवा. श्रवणयंत्र असेल तर ते घालूनच हे सगळं ठरवा. तुमच्या कानांना काय छान वाटतं हा इथे प्रश्नच नाही.

टीव्ही ऑप्टिकल वायरने जोडणार असाल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे न आवळलेला साधा डिजिटल आवाज, निवडा. डॉल्बीचा, म्हणजे आवळून पाठवलेला, सिग्नल साध्या स्टिरिओला उलगडत नाही. मग एक तर शांतता, नाहीतर खरखर. शिवाय या जोडणीत टीव्हीच्या रिमोटने आवाज बहुधा कमी-जास्त होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. झालं? भिंतीवरचं बटण. टीव्हीचंही.

ब्लूटूथ शक्यतो बंदच. ठेवायचंच असेल तर निघताना स्वतःचा फोन सेटच्या यादीतून काढा. नाहीतर पुढच्या भेटीत तुम्ही दारात पाय ठेवायचा अवकाश, रेडिओ गप्प आणि तुमच्या फोनवरचा व्हिडिओ अख्ख्या घरात.

काळ्या यंत्रावरची काळी बटणं कुणालाच दिसत नाहीत. पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘रेडिओ’, ‘सीडी’, ‘टीव्ही’. ‘सोर्स’, ‘ऑक्स’ वगैरे शब्द कागदावरही नकोत. रिमोटवर तीन-चार बटणं उघडी, बाकीची चिकटपट्टीखाली. आवाजाची कमाल मर्यादा मेनूत मिळाली तर लावून टाका. शिकवताना हात पाठीमागे. तुम्ही दाबून दाखवलेलं लक्षात राहत नाही. सुरुवात प्रत्येक वेळी कुठून? भिंतीवरच्या बटणापासून. चालू सेटवर शिकवलेलं बंद सेटपुढे उपयोगाचं नाही.

बिल आणि वॉरंटी एका पाकिटात, सेटच्या मागे. रिमोटला नाण्यासारखा सेल असेल तर जादाचे सेल लहान मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दोन-तीन दिवसांनी फोन. ‘चालतंय ना?’ विचारलंत तर ‘हो’च म्हणतील. काल काय ऐकलं ते विचारा, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं होतं का, तेही.