ओढ्यातले किडे ओळखताना शेपट्या मोजू नका

पाण्यात कोणते किडे राहतात त्यावरून ओढा किती स्वच्छ ते तपासायला नववी-दहावीच्या मुलांना न्यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नुकताच लोंढा येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. किडे वाहून गेलेले असतात आणि मुलं चांगल्या ओढ्याला नापास करतात.

जागा खळखळती, गोट्यांची, पाणी गुडघ्याखाली. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी तळाला टेकवा, तिच्या वरच्या अंगाला पायाने गोटे उलथत तीन मिनिटं प्रवाहाविरुद्ध सरका. मोठे गोटे जाळीच्या तोंडाशी हाताने चोळा. माल पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाण्यात, थोडा थोडा ओता.

गाडी अडते ती ओळखण्यात. ‘दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय, तीन म्हणजे मेफ्लाय’ असं लिहिलेला तक्ता फाडून टाका (दोन्ही उडणारे कीटक, पण पिल्लं पाण्यात वाढतात). शेपट्या जाळीतच तुटतात, काही मेफ्लायना मुळात दोनच असतात, आणि टाचणीच्या (चतुरासारखा बारीक कीटक, डॅमसेलफ्लाय) पिल्लाच्या मागचे तीन पानासारखे कल्ले मुलं हमखास शेपट्या म्हणून मोजतात. पिल्लू चमच्यात पाण्यासकट घ्या. कोरडं झालं की कल्ले अंगाला चिकटतात आणि दिसतच नाहीत. चिमटा नकोच, चिरडतो. आता दहापट भिंगातून पाहा: पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले आणि पायाला एकच नखी, तर मेफ्लाय. पायाला दोन नख्या आणि पोटाच्या कडा मोकळ्या, तर स्टोनफ्लाय. आपल्याकडच्या पर्लिडी कुळात कल्ल्यांचे झुपके पायांच्या मुळाशी असतात.

एवढी कटकट कशासाठी? बीएमडब्ल्यूपी ही कुळांवरून पाण्याला गुण देण्याची पद्धत, प्रदूषण जितकं कमी सोसतं तितके कुळाला गुण जास्त. तिच्यात पर्लिडीला 10, पण बीटिडी या मेफ्लाय कुळाला फक्त 4. मेफ्लाय दिसली की पाणी शुद्ध, हे थोतांड आहे. जाळं विणणाऱ्या हायड्रॉप्सायकिडी कुळातल्या कॅडिसफ्लाय किड्याच्या अळ्यांना 5, कायरोनोमिडी (न चावणाऱ्या, डासासारख्या माश्या) कुळाच्या अळ्यांना 2, गांडूळवर्गी किड्यांना 1. हे पाचही मिळाले तर बेरीज 22, सरासरी 4.4. कूळ एकदाच धरायचं, किडे दोन असोत की दोनशे.

पाणविंचू सापडला की जल्लोष होतो, होऊ द्या. पण तो नळीने वरची हवा घेतो. पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल त्याची साक्ष धरू नका. लाल कायरोनोमिडी अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्ये तगतात. दोन-चार दिसल्या तर घाबरू नका. ट्रेमध्ये दुसरं काहीच नसेल, तर वरच्या अंगाला नाला कुठे मिळतो ते शोधा आणि त्याच्या वर तीन मिनिटांचा दुसरा नमुना घ्या.

ट्रे त्याच खळाळात रिकामा करा, हात साबणाने धुतल्याशिवाय डबे उघडू देऊ नका.