मेटा डिस्क्रिप्शन लिहायचं की नाही? लिहिणार असाल तर या चुका टाळा

मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं त्या पानाचं छोटं वर्णन, भरल्यानं गुगलवर पान वर सरकत नाही. रँकिंग (निकालातला क्रम) ठरवताना कीवर्ड टॅगही (पानाचे शोधशब्द लिहिण्याची जागा) पाहत नाही आणि डिस्क्रिप्शनही, हे गुगलनं सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर सांगितलं आहे. तरी आजही एसईओच्या (साइट सर्चमध्ये वर आणण्याच्या कामाच्या) कोटेशनमध्ये ‘सर्व पानांची मेटा डिस्क्रिप्शन’ अशी वेगळी ओळ असते आणि पैसे भरणाऱ्या दुकानदाराला वाटतं, आता आपला नंबर वर येणार. या समजुतीवर खर्च करू नका.

मग लिहायचंच कशाला? सर्चमध्ये शीर्षकाखाली ज्या दोन ओळी दिसतात, त्या वाचून माणूस ठरवतो, इथे क्लिक करायचं की खालच्या लिंकवर जायचं. त्या दोन ओळी कशा दिसाव्यात, हे सुचवण्याची ही जागा आहे. सुचवण्याचीच, कारण गुगल मुख्यतः पानातलाच मजकूर उचलतं आणि शोधलेल्या शब्दांनुसार तो बदलतो. तुमचं वर्णन जास्त नेमकं वाटलं तरच ते वापरतं. त्यामुळे लांब, नीट लिहिलेल्या लेखाचं डिस्क्रिप्शन रिकामं राहिलं तर काही बिघडत नाही. पण होमपेज आणि विक्रीची पानं यांवर सलग मजकूर फारसा नसतो. फोटो, बटणं आणि भावाचे चौकोन असतात. तिथे उचलण्यासारखं काहीच नसल्यामुळे मेनूतले शब्द वर येतात. ही पानं हातानं लिहा. वेळ कमी असेल तर होमपेज आणि सर्वात जास्त पाहिली जाणारी पानं, एवढंच करा.

सगळीकडे तेच वाक्य

समजा, देवगडच्या एका बागायतदाराची साइट आहे आणि प्रत्येक पानावर हेच वर्णन आहे: ‘हापूस आंबा, देवगड हापूस, ओरिजिनल हापूस आंबा ऑनलाइन, हापूस आंबा भाव, आमच्याकडे सर्वोत्तम दर्जा.’ यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘देवगडमधल्या आमच्याच बागेतला हापूस, गवताच्या अढीत पिकवलेला. 5 डझनांची पेटी, पुणे-मुंबईत घरपोच. खराब निघालेलं फळ बदलून मिळेल.’ कुठला माल, किती, कुठे पोचेल, बिघडलं तर काय, ही चारही उत्तरं यात आली. मात्र ती पानावरही हवीत आणि खरी हवीत. नाहीतर क्लिक करून आलेलं गिऱ्हाईक तसंच परत जातं.

देवनागरीत मोजमाप चुकतं

मराठी साइटचा सर्वात जास्त घोळ इथेच होतो, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत याचा उल्लेखही नसतो.

प्लगिन (साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) 160 अक्षरांची मर्यादा दाखवतं आणि आपण हिरवी पट्टी येईपर्यंत शब्द कापत बसतो. खरं तर गुगलनं डिस्क्रिप्शनला लांबीची मर्यादा घातलेली नाही; पडद्यावर जेवढं मावेल तेवढं दाखवून पुढचं छाटलं जातं. डिसेंबर 2017 मध्ये या ओळी लांबून सुमारे 320 अक्षरांपर्यंत गेल्या होत्या, मे 2018 मध्ये पुन्हा अर्ध्यावर आल्या. शिवाय ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर, पण काँप्युटर ती 6 चिन्हं मोजतो: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि वेलांटी. म्हणून पट्टीच्या रंगावर जाऊ नका. महत्त्वाचं ते पहिल्या दहा-बारा शब्दांत आणा आणि निकाल मोबाइलवर उघडून पाहा.

वर्णनाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतंय? काही थीम (साइटचे तयार साचे) लेखाचा सुरुवातीचा भाग आपोआप कापून वर्णन बनवतात. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘सबस्ट्र’ हे मजकूर कापणारं फंक्शन त्यासाठी वापरलं असेल तर ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. म्हणजे 160 बाइटांत जेमतेम पन्नास-साठ चिन्हं बसतात आणि शेवटचं अर्धवट तुटतं. डेव्हलपरला ‘एमबी-सबस्ट्र’ वापरायला सांगा, आणि तेही शब्द संपतो तिथेच कापायला सांगा. नाहीतर काना-मात्रा मागे राहतात.

डीटीपीच्या जुन्या फाइलमधून, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमधला मजकूर थेट चिकटवू नका. सर्चमध्ये तो फाँट लागत नाही आणि मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

लिहिलंय, पण दिसत नाही

आधी पेज सोर्स (पानाचा मूळ कोड) उघडा. डिस्क्रिप्शनचा टॅग आहे का? दोनदा तर नाही ना? थीम एक टाकते आणि योस्टसारखं प्लगिन दुसरं, असं नेहमी होतं. एक बंद करा. हातानं लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये वर्णनात दुहेरी अवतरणचिन्ह आलं की टॅग तिथेच संपतो. *देवगडचा "अस्सल" हापूस* असं लिहिलं तर गुगलपर्यंत फक्त ‘देवगडचा’ पोचतं. आतली चिन्हं एकेरी करा. तसंच हेड भागात (कोडचा वरचा, पानावर न दिसणारा भाग) डिस्क्रिप्शनच्या आधी चुकून इमेज किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आली असेल, तर हेड तिथेच संपलं असं धरलं जातं आणि पुढचे टॅग दुर्लक्षित राहतात.

रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिननं कुठे जाऊ नये हे सांगणारी फाइल) ते पान अडवलेलं असेल तर गुगल आत जाऊन वर्णन वाचूच शकत नाही. ‘नोस्निपेट’ (शीर्षकाखाली मजकूर दाखवू नको, ही सूचना) लावलेलं असेल तर ते दाखवणार नाही. उलट कुकीची सूचना किंवा डिलिव्हरीच्या अटी वारंवार उचलल्या जात असतील, तर तेवढ्याच भागाला ‘डेटा-नोस्निपेट’ लावा.

हे सगळं ठीक असेल तर तुम्ही तपासताय कसं, ते पाहा. ‘साइट:’ (फक्त एकाच साइटवर शोधायची खूण) लिहून शोधल्यावर जे दिसतं ते गिऱ्हाइकाला दिसतंच असं नाही. सर्च कन्सोलमध्ये (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) त्या पानावर माणसं कोणत्या शब्दांनी येतात ते बघा आणि तेच शब्द टाकून शोधा. पान खूपदा दिसतंय, जागाही बरी आहे, पण क्लिक कमी, असं असेल तिथेच वर्णन बदलून बघण्यात अर्थ आहे.

व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवल्यावर दिसणारा मजकूर ही वेगळी गोष्ट. तिथे ओजी डिस्क्रिप्शन (लिंक शेअर करताना दिसणारं वेगळं वर्णन) चालतं, आणि धंद्याच्या लिंक व्हॉट्सअॅपवरच जास्त फिरत असतील तर तेही तेवढ्याच काळजीनं भरा.

आणि हंगामी पानं विसरू नका. जूनमध्ये आंबा संपतो, पण ‘बुकिंग सुरू’ तसंच राहतं आणि लोक पावसाळ्यातही फोन करत राहतात. हंगाम संपला की पान आणि वर्णन दोन्ही बदला, सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्सिंगची (पान नव्यानं नोंदवून घेण्याची) विनंती करा. नवा मजकूर दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात, म्हणून पुढच्या हंगामाचं वर्णन पहिली पेटी भरण्याच्या बरंच आधी टाकून ठेवा.